निक्सी घड्याळ भेट द्यायचंय, पण कुठलं?

ताई, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतोय ते दोघांनाही कळेल. धाकट्या भावाची वास्तुशांत दिवाळीनंतर आहे. तो नोकरीने सॉफ्टवेअरवाला, पण घरी सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर बाळगून आहे, सुटीच्या दिवशी काहीतरी उघडून बसलेला असतो. त्याच्या टेबलावर काचेच्या नळ्यांमध्ये नारिंगी आकडे पेटणारं ते घड्याळ असावं, असं तुमच्या मनात आहे. खर्चाची तयारी दहा हजारांपर्यंत. ऑनलाइन शोधलं तर अडीच हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत सगळंच 'निक्सी' नावाने विकायला आहे. आणि त्या घरात तीन वर्षांची मुलगी आहे.

मी पुण्यात मोजमापाची जुनी उपकरणं दुरुस्त करतो. निक्सी ट्यूबांशी ओळख झाली ती फ्रीक्वेन्सी काउंटर आणि डिजिटल व्होल्टमीटर उघडताना. घड्याळं बांधायला आणि दुरुस्त करायला लागलो ते त्यानंतर. दुरुस्तीला येणारी घड्याळं पाहून माझं एक मत पक्कं झालंय: यातली ट्यूब हा झिजून संपणारा भाग आहे, हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. म्हणून 'कुठलं सुंदर दिसतं' याआधी 'ट्यूब गेली तर बदलता येईल का' हे विचारायचं. तुमच्या बाबतीत त्याला आणखी एक प्रश्न जोडावा लागेल, लहान मुलीचा. बाकीचं बरंचसं भावाच्या स्वभावावर आणि घरातल्या जागेवर अवलंबून आहे. तिथे मी 'असं असेल तर असं' एवढंच सांगू शकतो.

खरी निक्सी म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. काचेच्या नळीत कमी दाबाने निऑन वायू भरलेला असतो. आत ० ते ९ या आकड्यांच्या आकारात वळवलेले धातूचे दहा बारीक कॅथोड (ऋण टोकं) एकामागे एक रचलेले असतात, आणि त्यांच्या पुढे जाळीचा ॲनोड (धन टोक). ज्या आकड्याची तार जमिनीला जोडाल, म्हणजे ग्राउंड कराल, त्या आकड्याभोवतीचा निऑन नारिंगी पेटतो. म्हणजे तार तापून उजळत नाही, तिला चिकटून असलेला वायू उजळतो. जवळून पाहिलंत तर दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे पेटलेल्या आकड्याच्या पुढे न पेटलेल्या आकड्यांच्या काळ्या रेघा आडव्या येतात. दुसरी म्हणजे आकडा बदलला की तो किंचित पुढे किंवा मागे सरकतो, कारण प्रत्येकाची पातळी वेगळी. कुठल्याही सपाट पडद्यावर ही खोली येत नाही, आणि या नळ्यांची सगळी मोहिनी त्या खोलीत आहे.

अमेरिकेतल्या बरोज कंपनीने १९५५ मध्ये या ट्यूबा 'निक्सी' नावाने बाजारात आणल्या. पुढची पंधरा-वीस वर्षं प्रयोगशाळेतली उपकरणं, काउंटर आणि सुरुवातीचे टेबलावरचे कॅल्क्युलेटर यांवर आकडे दाखवायचे म्हणजे निक्सीच. सत्तरच्या दशकात एलईडी स्वस्त झाले आणि पश्चिमेत हे उत्पादन आटोपलं. सोव्हिएत संघात मात्र ते त्यानंतरही चालू राहिलं. आज बाजारात ज्या जुन्या पण न वापरलेल्या ट्यूबा मिळतात, त्यातल्या बहुतेक तिथल्या गोदामांमधल्या आहेत: आयएन-१२, आयएन-१४, आयएन-१८ वगैरे. नव्याने निक्सी बनवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. चेक प्रजासत्ताकातले दालिबोर फार्नी हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. काम अप्रतिम आहे, पण ते तुमच्या बजेटच्या बरंच वर आहे, तेव्हा तो विषय इथेच सोडू.

आता तुम्हाला दिसलेल्या अडीच-तीन हजारांच्या घड्याळांकडे येऊ. ती निक्सी नसतात. त्यांचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात काचेच्या नळीच्या आत मोबाइलसारखा रंगीत छोटा पडदा उभा केलेला असतो आणि त्यावर निक्सीचं चित्र दाखवतात. दुसऱ्यात पारदर्शक ॲक्रिलिकच्या पट्ट्यांवर आकडे कोरलेले असतात आणि खालून एलईडीचा प्रकाश सोडतात. ओळखायची खूण सोपी आहे. 'सोळा रंग', 'थीम बदला', 'आपला फोटो लावा' असं काही लिहिलं असेल तर ते निक्सी नाही. निऑन नारिंगीच पेटतो, त्याला दुसरा रंग येत नाही. खऱ्या ट्यूबांच्या खालीसुद्धा काही जण निळे किंवा जांभळे एलईडी लावतात आणि फोटोत नळ्या निळ्या दिसतात. ती निळाई ट्यूबची नव्हे, खालच्या दिव्याची. माझ्याकडे असं घड्याळ आलं की मी मालकाला विचारून ते दिवे आधी बंद करतो. ज्यासाठी एवढे पैसे मोजले तो नारिंगी उजेडच त्यात मारला जातो.

यूएसबीवर चालतं म्हणून नकली, असं मात्र समजू नका. पाच किंवा बारा व्होल्टवरून आतमध्ये व्होल्टेज वाढवता येतं, आणि खऱ्या घड्याळांतही तेच केलेलं असतं.

ही पडद्यावाली घड्याळं वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. कमी व्होल्टेज, गरम होत नाहीत, लहान मुलांच्या घरात निर्धास्त ठेवता येतात. पण तुमचा भाऊ पहिल्याच रविवारी ते उघडणार आणि आत पडदा बघून हसणार. उघडून बघणाऱ्या माणसाला द्यायची वस्तू आतूनही बघण्यासारखी हवी. मीच भाऊ असतो तर मला नकली निक्सीपेक्षा खरी व्हीएफडी, म्हणजे व्हॅक्युम फ्लुओरेसेंट डिस्प्लेची ट्यूब जास्त आवडली असती. तिच्याबद्दल पुढे लिहितो.

सुरक्षेबद्दल जरा तपशिलात लिहितो, कारण तिथे गोलमाल बोलून भागणार नाही. निक्सी पेटवायला साधारण १७० ते १८० व्होल्ट डीसी लागतात. करंट अगदी थोडा असतो, आयएन-१४ सारख्या ट्यूबला दोन-अडीच मिलिअँपियर. चांगल्या घड्याळात बाहेरून बारा व्होल्टचा ॲडाप्टर येतो आणि आतलं छोटं सर्किट ते व्होल्टेज चढवतं. असा सप्लाय घरच्या मेन्सइतका घातक नाही, पण चालू घड्याळाच्या उघड्या पीसीबीवर (ज्यावर सगळे भाग सोल्डर करतात त्या पट्टीवर) बोट पडलं तर सणसणीत झटका बसतो. मोठा माणूस हात झटकून शिवी देईल, पण तीन वर्षांच्या मुलीच्या बाबतीत मी असा हिशोब करत नाही. शिवाय प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये थोडा वेळ चार्ज राहतो. नीट बांधलेल्या सर्किटमध्ये तो उतरवायला एक मोठ्या किमतीचा रेझिस्टर टाकलेला असतो. ४.७ मायक्रोफॅराडच्या कपॅसिटरवर एक मेगओहमचा टाकला की अर्ध्या मिनिटात काम होतं. स्वस्त किटमध्ये, म्हणजे स्वतः जोडायच्या सुट्या भागांच्या संचात, तो गाळलेला मी पाहिलाय. भावाला पाच पैशांचा रेझिस्टर लावता येईल, फक्त 'तिथे तो आहे का बघ' हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

एक प्रकार मात्र फुकट मिळाला तरी घेऊ नका. इंटरनेटवर अशीही सर्किटं फिरतात ज्यांत घरातली २३० व्होल्ट वीज थेट डायोडमधून काढून ट्यूबांना देतात. ट्रान्सफॉर्मर नाही, आयसोलेशन नाही, म्हणजे मेन्सपासून अलग करणारं मध्ये काहीच नाही. त्या २३० चं शिखर ३२५ व्होल्टच्या आसपास जातं आणि घड्याळाचा प्रत्येक स्क्रू मेन्सला जोडलेला असू शकतो. घड्याळातून दोन पिनांची वायर थेट भिंतीतल्या सॉकेटकडे जात असेल आणि मध्ये ॲडाप्टर नसेल, तर आत काय आहे ते नीट कळेपर्यंत त्याला हात लावू नये.

म्हणून तुमच्यासाठी पहिली अट बंद पेटीची. फोटोत देखणी दिसणारी बरीचशी घड्याळं वर-खाली ॲक्रिलिकची एकेक पट्टी आणि मध्ये उघडा पीसीबी अशी असतात. बाजू मोकळ्याच. लहान बोटं, हेअरपिन, चमचा, काहीही आत जातं. आयएन-१२ इथे सोयीची पडते. या ट्यूबचा आकडा तिच्या टोकाच्या सपाट काचेतून दिसतो, त्यामुळे सगळी ट्यूब पेटीच्या आत राहते आणि समोर खिडकीसारखी काच किंवा ॲक्रिलिक लावता येतं. बाहेर नळीही नाही आणि तारही नाही. आयएन-१४ मध्ये आकडा बाजूने दिसतो, म्हणून ती पेटीच्या वर उभी राहते. दिसायला ती जास्त छान, यात वादच नाही. पण चेंडू लागला की फुटणार. आकड्याची उंची दोन्हींत सारखीच, साधारण १८ मिलिमीटर. मोठे चार सेंटिमीटरचे आकडे हवे असतील तर आयएन-१८, पण तिची एकेक ट्यूबच काही हजारांना जाते. तुमच्या बजेटमध्ये तिचं घड्याळ बसणार नाही.

जाणकार आयएन-१२ ला एका गोष्टीवरून नावं ठेवतात. तिच्यातला ५ म्हणजे उलटा करून बसवलेला २ आहे. वेगळा साचा करायचा खर्च वाचवला. एकदा लक्षात आलं की मग तेवढंच दिसत राहतं. मला ती काटकसर आवडते, पण भाऊ अक्षरांच्या वळणांबद्दल चिकित्सक असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा.

आता आयुष्याबद्दल. ट्यूब दोन तऱ्हांनी जाते. एक म्हणजे सरळ झिजणं. पेटलेल्या कॅथोडवरून धातूचे कण उडत राहतात आणि काचेवर बसतात. बरीच वापरलेली ट्यूब आतून धुरकट, आरशासारखी झालेली दिसते. हे उडणं कमी व्हावं म्हणून बऱ्याच ट्यूबांमध्ये पाऱ्याचा अगदी सूक्ष्म अंश टाकलेला असतो. काळोखात अशा ट्यूबच्या आत आकड्यापासून जरा दूर निळसर झाक दिसते ती त्याचीच. आयएन-१ सारख्या ज्या जुन्या ट्यूबांमध्ये पारा नाही, त्या घड्याळासाठी घेऊ नयेत, लवकर जातात. आणि पारा आहे म्हणून घाबरायचंही कारण नाही. ट्यूब फुटलीच तर खिडकी उघडायची, मुलीला बाजूला न्यायचं आणि काचा हाताने न उचलता कागदाने गोळा करायच्या.

दुसरी तऱ्हा म्हणजे कॅथोड पॉयझनिंग. जो आकडा पेटतो त्याचे कण शेजारच्या न पेटणाऱ्या आकड्यांवर बसतात, आणि महिनोन्महिने न पेटलेला आकडा अखेर पेटवला की अर्धाच उजळतो, मध्ये काळा तुकडा राहतो. घड्याळात हे ठरलेलंच आहे. चोवीस तासांच्या घड्याळात तासाच्या दशकाची ट्यूब दहा तास ०, दहा तास १ आणि चार तास २ दाखवते. ३ ते ९ या आकड्यांना तिथे कधी कामच नाही. मिनिटांच्या दशकात ६ ते ९ बेकार बसतात. तुम्ही म्हणाल, जे आकडे कधी लागणारच नाहीत ते बिघडले म्हणून काय झालं? बरोबर आहे, काही होत नाही. पण तारीख दाखवायची सोय असेल, किंवा एक ट्यूब गेली म्हणून दुसऱ्या जागची तिथे आणून लावली, की त्या दिवशी ते बिघडलेले आकडे समोर येतात. यावर उपाय सॉफ्टवेअरमध्ये आहे. घड्याळाने दर तासाला किंवा रात्री थोडा वेळ सगळे आकडे भरभर फिरवायचे. लोकांना ती गंमत वाटते, पण तो व्यायाम आहे. घेताना 'अँटी-पॉयझनिंग आहे का' हे नक्की विचारा. पॉयझनिंग झालेली ट्यूब फेकायचीही घाई नको. बिघडलेला आकडा काही तास थोड्या जास्त करंटवर एकटा पेटवून ठेवला की बहुतेक वेळा तो पूर्ववत होतो.

यातून तास वाचवण्याचा मुद्दा निघतो. वर्षाचे तास ८७६०. जुन्या डेटाशीटमध्ये ट्यूबची हमी काही हजार तासांचीच असते. प्रत्यक्षात त्या हमीच्या कितीतरी पुढे जातात, पण म्हणून रात्रभर रिकाम्या खोलीत त्या पेटत ठेवण्यात काय हशील? ज्या घड्याळात रात्री आपोआप बंद होण्याची वेळ लावता येते, किंवा खोलीत हालचाल झाली तरच ट्यूबा पेटवणारा पीआयआर सेन्सर असतो, ते घ्या. भाऊ दिवसातून सहा तास त्या टेबलाशी बसतो असं धरलं तर वर्षाला बावीसशे तासांच्या आत भागतं, म्हणजे आयुष्य चौपट. विजेचा खर्च विचारात घेण्यासारखा नाही. सहा ट्यूबांचं घड्याळ चार-पाच वॉट खातं, चोवीस तास चालवलं तरी वर्षाला चाळीस युनिटच्या आसपास.

आणि ट्यूबा सॉकेटमध्ये बसवलेल्या हव्यात, पीसीबीला थेट सोल्डर केलेल्या नकोत. ही माझी दुसरी अट, आणि बंद पेटीइतकीच पक्की. आयएन-१२ ला कडक पिना असतात, ती सॉकेटमध्ये खटकन बसते आणि निघते. आयएन-१४ ला मऊ तारा असतात, त्यामुळे ती बहुतेक किटमध्ये सोल्डरच करतात. सोल्डर केलेली ट्यूब बदलायची म्हणजे तेरा तारा एकेक करून मोकळ्या करायच्या आणि पीसीबीच्या पट्ट्या उखडू द्यायच्या नाहीत. भावाला ते जमेलही, पण भेट देताना त्याच्या डोक्यावर हे काम कशाला द्यायचं?

वेळेबद्दल. आकडे कितीही सुरेख असले तरी घड्याळ मागे पडलं की ते शोभेची वस्तू होतं. इथे तीन प्रकार सापडतील. सगळ्यात स्वस्त म्हणजे डीएस१३०७ सारखी चिप आणि बाहेर लावलेला साधा ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल. असा क्रिस्टल २५ अंशांच्या आसपास नीट चालतो, खोली तापली की मागे पडू लागतो. चाळीस अंशांच्या खोलीत निव्वळ तापमानामुळे महिन्याला वीसेक सेकंद जातात. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात हे सहज होतं, आणि क्रिस्टलची मूळची चूक वेगळीच. दुसरा प्रकार डीएस३२३१ चिपचा. ती स्वतःचं तापमान मोजून दुरुस्ती करते, त्यामुळे वर्षाला फार तर मिनिटभर इकडे-तिकडे. मी स्वतः बांधतो त्यात हीच टाकतो. तिच्या निळ्या स्वस्त मॉड्यूलमध्ये एक खोडी असते, ती भावाला सांगा. त्यावर चार्जिंगची वाट ठेवलेली असते आणि सोबत बसवलेला सीआर२०३२ हा सेल मात्र चार्ज न होणारा. असा सेल सतत चार्ज होत राहिला की फुगतो. सेलशेजारचा '२०१' लिहिलेला छोटा रेझिस्टर काढून टाकला की प्रश्न संपला.

तिसरा प्रकार वायफायवरून वेळ घेणाऱ्यांचा. वेळ कायम बरोबर आणि वीज जाऊन आली तरी लावावी लागत नाही. पण परदेशी घड्याळ घेताना एक गोष्ट तपासा: त्यात टाइमझोन अर्ध्या तासाचा लावता येतो का? काही घड्याळांत फक्त अधिक पाच किंवा अधिक सहा एवढंच निवडता येतं. आपली वेळ साडेपाच तास पुढे, त्यामुळे असं घड्याळ भारतात अर्धा तास चुकतच राहणार. काहींत सेकंद भरायचे असतात, तिथे १९८०० टाकायचे. काहींत झोन अक्षरांत लिहावा लागतो आणि तिथे चिन्ह उलटं पडतं, आयएसटी उणे ५:३० असं. भावाला हे वाचून गंमत वाटेल, सॉफ्टवेअरमधला नसलेला माणूस मात्र हैराण होतो. वेळ कुठून घ्यायची हे निवडता येत असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा टाइम सर्व्हर टाकायला सांगा. भारतीय प्रमाणवेळ तीच संस्था सांभाळते, निदान प्रमाणवेळ तरी घरची असू दे. आणखी एक, या घड्याळांतल्या वायफाय चिप बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. भावाच्या नव्या घरातला राउटर फक्त पाचवर ठेवला असेल तर घड्याळाला नेटवर्क दिसणारच नाही.

मग तयार घ्यायचं की किट? भाऊ खरोखर सोल्डर करत असेल, नुसतं आयर्न बाळगत नसेल, तर किट. दोन-तीन संध्याकाळी त्याच्या आनंदात जातील आणि पुढे बिघाड झाला तर आत काय आहे ते त्याला ठाऊक असेल. माझ्याकडे किट जोडायला येणाऱ्यांना मी क्रम ठरवून देतो. आधी फक्त व्होल्टेज चढवणारा भाग जोडायचा, ट्यूब एकही लावायची नाही, आणि मल्टिमीटरने १८० व्होल्ट येतात का ते पाहायचं. मीटर कमी-जास्त दाखवत असेल तर पुढे जायचंच नाही. मग आकडे निवडणाऱ्या चिप, म्हणजे बहुधा सोव्हिएत के१५५आयडी१ किंवा तिची मूळ ७४१४१. शेवटी एकच ट्यूब लावून शून्यापासून नऊपर्यंत सगळे आकडे पेटवून बघायचे. ॲनोडला लावायचा रेझिस्टर डोळे झाकून किटमधला घ्यायचा नाही, हिशोब करायचा: १८० मधून पेटल्यावर ट्यूबवर राहणारे १४५ वजा केले, उरले ३५, त्याला अडीच मिलिअँपियरने भागलं की १४ किलोओहम. बाजारात मिळतो तो १५ चा टाकायचा.

आयएन-१४ चंच किट घेतलं, तर तेरा मऊ तारा तेरा भोकांत एकदम ओवायच्या म्हणजे सुईत दोरा ओवण्यापेक्षा वाईट. युक्ती अशी की सगळ्या तारा सारख्या न कापता तिरक्या कापायच्या, पहिली सगळ्यात लांब, पुढची थोडी आखूड, अशी गोल चढण. मग एका वेळी एकच तार भोकात जाते आणि बाकीच्या आपोआप ओळीत येतात.

सोल्डरिंग झाल्यावर पीसीबी आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून स्वच्छ करायला सांगा. कोकणातून किंवा मुंबईतून पावसाळ्यात तक्रार येते की पेटलेल्या आकड्याच्या मागे दुसराच आकडा अंधूक दिसतोय. लोकांना वाटतं चिप गेली. बहुतेक वेळा पीसीबीवर राहिलेला फ्लक्स (सोल्डरिंगला वापरतात तो चिकट पदार्थ) दमट हवेत ओलावा धरतो आणि १८० व्होल्टला तेवढी गळतीही आकडा मंद पेटवायला पुरते. घासून, वाळवून वर वार्निशचा पातळ थर दिला की भूत जातं.

खरेदीबद्दल दोन शब्द. रेझिस्टर, कपॅसिटर, मॉसफेट, ॲडाप्टर हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत मिळतं. ट्यूबा तिथे नेहमी मिळतील याचा भरवसा नाही. त्या बहुधा बाहेरूनच मागवाव्या लागतात, आणि पार्सलवर 'गिफ्ट' लिहिलं की कस्टम लागत नाही हा समज आता जुना झाला. डिसेंबर २०१९ पासून ती सवलत बंद झाली, राखी आणि जीवनरक्षक औषधं तेवढी वगळली. तेव्हा दहा हजारांत कर धरूनच हिशोब करा. वापरलेल्या ट्यूबा घेऊ नका, आणि घड्याळासोबत त्याच जातीच्या दोन सुट्या ट्यूबा आत्ताच घ्या. साठा नव्याने तयार होत नाही, उद्या हव्या झाल्या तर जास्तच मोजावे लागतील.

व्हीएफडीचं सांगायचं राहिलं. आयव्ही-१८ ही एकच लांब काचेची नळी, तिच्यात आठ आकडे, हिरवट निळा उजेड. तीही सोव्हिएत काळातली आणि अस्सल. व्होल्टेज पन्नासच्या आसपास, त्यामुळे धोका बराच कमी. एकाच नळीत काम भागत असल्याने स्वस्तही पडते. निक्सीसारखी खोली तिच्यात नाही, पण समोर बारीक तंतू आणि जाळ्या दिसतात, आणि उघडून बघणाऱ्याला तेवढं पुरतं.

एवढ्या सगळ्यावरून माझी निवड सांगतो. भाऊ सोल्डर करत असेल तर चार आयएन-१२ चं, सॉकेटवालं, बंद पेटीचं किट, डीएस३२३१ चिपसह, आणि वर दोन सुट्या ट्यूबा. सेकंदांच्या दोन ट्यूबांचा मोह सोडा, ते पैसे पेटीला आणि चांगल्या, बीआयएस नोंदणीच्या बारा व्होल्ट ॲडाप्टरला वापरा. सोल्डर करत नसेल किंवा बाळामागे धावण्यातच त्याच्या संध्याकाळी जात असतील, तर असंच तयार घड्याळ. ते दहा हजारांत बसत नसेल तर आयव्ही-१८ चं तयार घड्याळ, आणि ते दुय्यम समजू नका. दोन्ही बाबतींत टेबलाची कड नको, मुलीच्या हाताच्या वरचं शेल्फ बघा, आणि ॲडाप्टरची वायर लोंबकळू देऊ नका. मुलं घड्याळ खाली ओढतात ते वायरीला धरूनच.

दिवाळीनंतर द्यायचं तर ऑर्डर आत्ताच टाका, कारण कस्टममध्ये पार्सल किती दिवस अडकेल ते कुणालाच सांगता येत नाही. तयार घड्याळ हातात आलं की गुंडाळण्याआधी आपल्याच घरी चालू करून बघा. दर ट्यूबवर दहाही आकडे पूर्ण पेटतात ना ते पाहा, एखादा अर्धाच उजळत असेल तर फोटो काढून विक्रेत्याला लगेच कळवा, आणि आठवडाभर चालू ठेवून मगच रंगीत कागद लावा.